आश्रय कुठल्या खिडकीवर मिळतो?

आमच्या शाळेतल्या बाया उन्हाळ्याच्या सुट्टीत उटीला नाहीतर काश्मीरला जात आणि शाळा उघडली की शिक्षकांच्या खोलीत फोटोंचे अल्बम फिरवत. त्या वर्षी मी धुळे आणि शिंदखेडा करून आले. फोटो नाहीत. पण ज्या कामासाठी गेले होते त्या कामासाठी जळगावहून आधी कुणी धुळ्याला गेलं असेल असं वाटत नाही, म्हणून लिहून ठेवते. एका माणसाला या देशात आश्रय मागायचा होता आणि तो नेमका कुठे मागतात, हे आम्हाला शोधायचं होतं. कचेऱ्यांची नावं मुद्दाम देत नाही, माणसांची बदलली आहेत. माणसं सगळी बरी होती.

जळगाव

माणसाचं नाव अब्दी. आमच्या मागच्या खोलीतला भाडेकरू. आफ्रिकेतल्या सोमालियाहून तो शेती शिकायला आला, धुळ्यात पदवी घेतली आणि मग केळीचं काम शिकायचं म्हणून जळगावला आला. त्याच्या वारलेल्या वडिलांची केळीची बाग होती. रोज सकाळच्या एसटीने तो पहूरकडच्या एका बागेत जायचा आणि संध्याकाळी हातापायांवर केळीच्या चिकाचे काळे डाग घेऊन परतायचा. जेवण बहुतेक आमच्याकडेच. वरणभातात केळं कुस्करून खायचा. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, भुकेच्या घाईत पोराचा गोंधळ झाला. नंतर कळलं, त्यांच्याकडे भाताबरोबर केळं हवंच. आपल्याकडे लोणचं लागतं तसं.

नव्वदनंतरचं साल. त्याच्या देशातलं सरकार पडलं. मग दुसरं आलं नाही, दहा आली आणि एकमेकांवर तोफा डागू लागली. अब्दी खोलीत रेडिओ कानाला लावून बसायचा. घरून पत्र येणं थांबलं. त्यातच त्याच्या पासपोर्टची मुदत संपली.

आम्ही जळगावच्या कचेरीत गेलो. तिथल्या कारकुनाने पासपोर्ट चाळला.

"मुदत वाढवून आणा. तुमच्या सरकारचं पत्र लागेल."

"सरकार नाही," अब्दी म्हणाला.

"नाही म्हणजे?"

"पडलं."

"मग नवीन येईल त्याचं आणा. आपल्याकडेही पडतात." त्याने वही उघडून नाव शोधलं आणि मान हलवली. "शिवाय हा माणूस जळगावात नाही. याची नोंद धुळ्याला आहे, ती इकडे आलेलीच नाही."

"अहो, हा काय तुमच्यासमोर उभा आहे," मी म्हणाले.

"दिसतोय मला. पण कागदाने तो धुळ्यात आहे. आधी तिथे जा."

घरी येऊन मी हे सगळं सांगितलं. आमच्या यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. गच्चीवर कुरडया वाळत होत्या आणि त्या राखायचं काम यांच्याकडे होतं. "तू भूगोल शिकवतेस," हे म्हणाले, "परदेशाचं काम तुझ्याकडेच येतं." अशी मी निघाले.

पारोळा

एरंडोल सोडलं आणि गाडीने वाफ टाकायला सुरुवात केली. पारोळ्याच्या स्टँडात ड्रायव्हरने बॉनेट उघडून जाहीर केलं की ती थंड होईपर्यंत कुणी तिला हात लावू नये. मे महिन्यात पारोळ्यात काही थंड होतं असं मला वाटलं नाही, पण सगळे निमूट उतरले. बाजाराचा दिवस होता. मिरच्यांच्या ठसक्याने सगळा स्टँड शिंकत होता. आम्ही गरम भजी आणि तळलेल्या मिरच्या घेतल्या आणि निंबाखाली बसलो. शेजारी एक म्हातारी गाठोड्यावर टेकून बसली होती. बराच वेळ तिने अब्दीला न्याहाळलं. उंच, काटक, काळाभोर आणि पांढऱ्या शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत बंद.

"कोठला शे रे भो तू?"

"सोमालिया, माय."

"ते कोठे येस? साक्रीना पल्याड?"

"भलतंच पल्याड. समुद्रना पल्याड."

मी पाहतच राहिले. अब्दी माझ्याशी इंग्रजी आणि थोडं शाळेसारखं मराठी बोलायचा. अहिराणी तो धुळ्याच्या खानावळीत शिकला होता आणि ती त्याच्या तोंडून अशी सुटली की गाडीचा कंडक्टरही वळून बघू लागला.

"मंग आते घर जाई राहिना का?"

"घर जाता येत नही, माय."

"काबर? बायकोसंगे भांडण व्हयनं का?"

"बठ्ठा गावनं भांडण व्हयनं."

सगळ्या गावाचं भांडण, हे म्हातारीने मनात नीट मांडून पाहिलं. मग म्हणाली, "मंग आमना गावले चाल. भांडण आमना गावमा भी शे. पन जेवाले भेटस."

पुढे बऱ्याच साहेबांना भेटलो, पण इतका स्वच्छ आश्रय कुणी देऊ केला नाही. गाडी सुरू झाली तेव्हा ती खरंच त्याच्यासाठी जागा धरून बसली होती. तिचं गाव आलं, ती उतरली आणि खिडकीखाली उभी राहून म्हणाली, "येस का मंग?" अब्दीने हात जोडले. ती थोडी रागावूनच चालू लागली.

धुळे

धुळ्याच्या कचेरीत बोरसे साहेब होते. परदेशी माणसांच्या नोंदी त्यांच्याकडे असत आणि अख्ख्या जिल्ह्यात परदेशी माणसं इतकी कमी की अब्दीला पाहून त्यांना मनापासून आनंद झाला. वाळ्याच्या कूलरसमोरची खुर्ची त्यांनी त्याला दिली. मग पासपोर्ट उघडला आणि आनंद हळूहळू मावळला.

"मुदत संपली की मला देश सोडायची नोटीस काढावी लागते," ते म्हणाले. "महिनाअखेर. माझ्या हातात नाही."

"देश सोडून जायचं कुठे?" मी विचारलं.

"स्वदेशी."

"तिथे विमान उतरत नाही, साहेब."

"त्याची सूचना आमच्याकडे आलेली नाही."

मग ते थोडे पुढे झुकले. "बाई, मला एक सांगा. हा देश आहे की नाही? नसेल तर तसं कुणीतरी लिहून द्यायला हवं. असेल तर त्यांनी पत्र द्यायला हवं."

मी पिशवीतून शाळेचा नकाशासंग्रह काढला. पुरावा म्हणून आणला होता. आफ्रिकेचं पान उघडून टोकावर बोट ठेवलं. बोरसे साहेबांनी चष्मा लावून पाहिलं आणि त्यांचा जीव भांड्यात पडला.

"हा काय, आहे की देश! चांगला मोठा आहे."

"जमीन आहे, साहेब," मी वर्गात बोलते तशी बोलू लागले. "भूगोल शाबूत आहे. नागरिकशास्त्र बुडालं आहे."

हे वाक्य मला स्वतःला फार आवडलं होतं. तेच अंगाशी आलं. बोरसे साहेब एकदम ताठ झाले.

"बुडालं? मग तुम्ही इकडे कशाला आलात? तो निर्वासित झाला. निर्वासितांचं आमच्याकडे नाही, ते पुनर्वसनकडे. मागच्या इमारतीत, जिन्याखाली."

मी खुलासा करायला तोंड उघडलं, पण त्यांनी शिपायाला हाक मारली होती आणि शिपाई आमच्या पुढे चालू लागला होता.

जिन्याखालच्या खोलीत भामरे नावाचे गृहस्थ बसले होते. त्यांच्या मागे धरणांचे नकाशे टांगले होते, निळ्या शाईने रंगवलेले. आम्ही निर्वासित म्हणून आलो आहोत असं शिपायाने सांगितलं आणि भामऱ्यांनी सवयीने एक छापील कागद ओढला.

"प्रकल्पाचं नाव?"

"प्रकल्प नाही," मी म्हणाले. "लढाई आहे."

"लढाई..." त्यांनी समोरच्या यादीवरून बोट फिरवलं. "नाही. लढाई आमच्याकडे येत नाही. मध्यम प्रकल्प असेल तर बघा, वेगळ्या नावाने असतो कधी कधी."

मी सांगू लागले. अब्दीने मला हाताने थांबवलं. का ते मला तेव्हा कळलं नाही. सकाळपासून प्रत्येक जण पासपोर्टबद्दल विचारत होता. हा माणूस निदान दुसरंच काही विचारत होता, म्हणून असेल. भामरे एकेक रकाना वाचत गेले आणि अब्दी उत्तर देत गेला.

"घर पूर्ण बाधित की अंशतः?"

अब्दीने विचार केला. "छप्पर गेलं. समोरची भिंत आहे म्हणतात. अंशतः."

"शेती?"

"बाग आहे. माणसं नाहीत."

"घरात सज्ञान व्यक्ती किती?"

"आई. मोठा भाऊ होता."

"होता म्हणजे?"

भामऱ्यांनी रकाना कोरा सोडला आणि पुढच्या ओळीवर आले. पण आवाज बदलला होता.

"घर खाली करण्याची नोटीस मिळाली होती का? आम्ही आधी नोटीस देतो."

"मिळाली," अब्दी म्हणाला. "शेवटच्या पत्रात होतं, दारावर खडूने खूण केली. खूण केलेल्या घरात रात्री येतात."

माझ्याकडे तो वर्षभर राहत होता. रोज जेवताना मी त्याला, घरून काही कळलं का, असं विचारायचे आणि तो, नाही बाई, म्हणायचा. ती खूण मला तिथे, जिन्याखाली, धरणांच्या नकाशांसमोर कळली. भामऱ्यांनी पेन बंद केलं. चहा मागवला. चहा येईपर्यंत ते निळ्या नकाशांकडे बघत होते.

"भाऊ," ते शेवटी म्हणाले, "माझ्याकडे प्लॉट आहेत. पण ते बुडालेल्यांना. तुला देता येत नाही." मग त्यांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी एक कोरा कागद घेतला आणि सुंदर अक्षरात लिहिलं की सदर इसम जिल्ह्यातील कोणत्याही लहान, मध्यम अथवा मोठ्या प्रकल्पामुळे बाधित झालेला नाही. खाली शिक्का मारला. "रिकाम्या हाताने जाऊ नका," म्हणाले.

जेवायला आम्ही अब्दीच्या जुन्या खानावळीत गेलो. ती चालवणारे परसराम काका सिंधी. फाळणीत तरुण वयात सिंध सोडून आलेले. त्यांनी अब्दीला बघताच गल्ल्यावरून उठून मिठी मारली आणि आत ओरडून शेवभाजी आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी सांगितल्या. शिवाय एक केळं. ते त्यांना सांगावं लागलं नाही.

"काका, तुम्ही निर्वासित झालात तेव्हा काय करावं लागलं?" मी विचारलं.

"काही नाही. गाडीत बसवलं. गाडी थांबली, उतरा म्हणाले. उतरलो. दोन दिवस लोकांनी जेवण दिलं, मग विचारायला लागले, परत कधी जाणार? मी म्हटलं, आधी भजी तर खाऊन बघा." ते हसले. "पण आमचं वेगळं होतं, बाई. आम्ही येणार हे सरकारला माहीत होतं. याला कोण ओळखतो? याच्यासाठी इथे कायदाच नाही. माझा पुतण्या दिल्लीत असतो, तो सांगतो, तिथे एक ऑफिस आहे, दुनियाभरच्या अशा लोकांसाठी. अफगाणी जातात, बर्माचे जातात. अर्ज करायचा, मग बोलावतात आणि विचारतात."

"काय विचारतात?"

"घरी गेलास तर काय होईल, ते. दुसरं काही नाही."

अब्दीने हात धुतले आणि बाहेर जाऊन उभा राहिला. मी मागोमाग गेले. तो रस्त्याकडे बघत म्हणाला, "बाई, तुम्ही संध्याकाळच्या गाडीने घरी जा. मी मुंबईला जातो. बंदरावर आमचे लोक आहेत. बोटीवर काही काम मिळेल."

"कागदाशिवाय?"

"कागदाने काय मिळालं? मी बुडालो नाही, एवढंच मिळालं."

मला राग आला. उन्हाचा, एसटीचा, बोरसे साहेबांच्या कूलरचा, सगळ्यांचा मिळून आला आणि त्याच्यावर निघाला. मी म्हणाले, "बोटीवरून पकडला तर सरळ तिकडेच सोडतील. तुझ्या आईने तुला केळी शिकायला पाठवलं आहे, दगडी कोळसा भरायला नाही. आधी अर्ज कर, मग काय जायचं तिकडे जा." बोटींत आता कोळसा नसतो, एवढं मात्र सांगून तो माझ्याबरोबर निघाला.

कोर्टाच्या आवारात झाडाखाली टाइपरायटर घेऊन बसणारे असतात. त्यातला इंग्रजी टाइप करणारा आम्ही निवडला. तो जुना माणूस होता आणि अर्ज म्हटलं की त्याची बोटं आपणहून चालायची. आम्ही काही सांगायच्या आत त्याने अर्जदार गरीब व अल्पभूधारक शेतकरी आहे असं टाइप करून टाकलं होतं. मी ते खोडायला लावलं. त्याने नवा कागद चढवला.

"जात?" त्याने विचारलं.

"त्याचा इथे काय संबंध?" मी म्हणाले.

"बाई, जातीशिवाय अर्ज होतो का?"

अब्दी म्हणाला, "लिहू द्या. तेच आहे." आणि सांगू लागला. त्यांच्याकडे कुळं असतात. धर्म एक, भाषा एक, जेवण एक. पण आजोबा, पणजोबा असं मागे मोजत गेलं की कुळ निघतं. राजधानीत दुसऱ्या कुळाचे लोक घरोघर जाऊन पणजोबाचं नाव विचारत होते. चुकीचं नाव निघालं की दारावर खडूची खूण.

टाइपिस्टची बोटं थांबली. शेजारी जामिनाच्या कामाला आलेली माणसं होती, तीही ऐकत होती.

"म्हणजे जातीवरून मारतात?"

"हो."

"मग असं सांगा ना!" तो म्हणाला. मागून कुणीतरी दुजोरा दिला. कुणी आपल्या गावचा प्रकार सांगू लागलं. सकाळपासून नकाशा उघडून मला जे समजावता आलं नव्हतं, ते झाडाखालच्या सगळ्यांना एका क्षणात कळलं होतं. मला त्याचा आनंद मात्र झाला नाही. टाइपिस्टने अब्दी सांगेल तसा अर्ज टाइप केला आणि शेवटी, तरी मेहेरबान साहेबांनी कृपावंत होऊन, या अर्थाचं एक लांब इंग्रजी वाक्य आपल्या पदरचं घातलं. ते काढायला तो काही केल्या तयार झाला नाही. त्याशिवाय आजवर एकही अर्ज मंजूर झालेला नाही म्हणाला.

दिल्लीला अर्ज पाठवला आणि त्याची एक प्रत बोरसे साहेबांकडे नेली. सोबत भामऱ्यांचा कागद. त्यांनी दोन्ही वाचले, फायलीला टाचले आणि त्यांचा चेहरा उजळला.

"छान झालं! आता पत्रव्यवहार सुरू झाला. पत्रव्यवहार चालू असताना मला नोटीस काढता येत नाही."

"म्हणजे राहता येईल?"

"उत्तर येईपर्यंत. फक्त जिल्ह्यातला एक जामीन द्या, हा कुठे राहतो हे सांगणारा."

"मी देते जामीन."

"तुम्ही जळगावच्या ना?" त्यांनी खेदाने मान हलवली. "परजिल्हा."

अशी मी धुळ्यात परकी ठरले.

शिंदखेडा

माझे मामा शिंदखेड्याजवळच्या एका खेड्यात राहत. सगळं गाव त्यांना नाना म्हणे. नानांचं जळगावशी पटत नसे. फार वर्षांपूर्वी एका लग्नात जळगावकरांनी त्यांच्या वऱ्हाडाला भरीत उशिरा वाढलं होतं. त्यामुळे जळगावच्या कचेरीने अब्दीला नाकारलं हे कळताच त्यांनी त्याला लगेच आपला मानला.

"जळगाववालास्ले काय कळस!" ते म्हणाले. "बठा आठे. मी देस जामीन."

मामींनी खापरावर पुरणपोळ्या केल्या, चादरीसारख्या मोठ्या, आणि सोबत आमरस. अब्दीला ती पोळी ओळखीची वाटली, त्यांच्याकडेही अशी पातळ, जाळीदार घावनासारखी पोळी सकाळी करतात. फक्त गोड पुरण आत असतं हे त्याला पटेना. रसाचा भुरका मारून त्याने सवयीने इकडे तिकडे बघितलं. मामींनी विचारलं, काय हवं? केळं आलं. त्याने ते आमरसात कुस्करलं. नाना जेवायचे थांबले. आंब्याचा असा अपमान त्यांनी पाहिला नव्हता. मग थोडं स्वतःच्या वाटीत करून पाहिलं आणि पुन्हा वाटी पुढे केली.

दुपारी चावडीवर सरपंच आले, ग्रामसेवक आले, आणि काम नसलेलं गावही आलं. रहिवासी दाखल्याचा छापील नमुना तयारच होता. ग्रामसेवकाने नाव भरलं आणि मोठ्याने वाचून दाखवलं. "दाखला देण्यात येतो की, श्री. अब्दी हे मौजे मजकूर येथील पूर्वापार रहिवासी असून त्यांचे वाडवडील येथेच..."

लोकांनी समाधानाने माना हलवल्या. एका म्हाताऱ्याने तर अब्दीच्या आजोबांना आपण पाहिल्यासारखं वाटतं असंही म्हटलं.

मला घाम फुटला. हा कागद दिल्लीला गेला तर सगळं संपलं. शिंदखेड्याजवळच्या माणसाला कोण आश्रय देणार, आणि कशासाठी? मी बोलणार तेवढ्यात अब्दी उठून उभा राहिला.

"नाना, वाडवडील मना आठला लिखा," तो म्हणाला. "मंग मना बाप कोठला?"

सरपंचांनी समजावलं, "भाऊ, तुन्या भल्यासाठीच शे. आपला करी ऱ्हायनूत तुले."

"माले ठाऊक शे," अब्दी म्हणाला. "पन मना बापनं नाव तठे पुसी टाकनं. आठे तुमी नका पुसू."

नाना जागचे उठले, ग्रामसेवकाच्या हातातून पेन घेतलं, छापलेल्या ओळी एकेक करून खोडल्या आणि वर मोठ्या अक्षरांत लिहिलं: हा माणूस सोमालियाचा आहे. त्याचा बाप सोमालियाचा. सध्या आमच्या घरी राहतो. मी जबाबदार. सरपंच म्हणाले, असा दाखला आजवर कुणी दिलेला नाही. नाना म्हणाले, असा माणूसही आजवर आलेला नाही, शिक्का मारा. शिक्का मारला.

तो कागद नानांनी स्वतः धुळ्याला पोचवला आणि बोरसे साहेबांनी तोही फायलीला लावला. आम्ही शिंदखेड्याच्या स्टेशनवरून पॅसेंजर पकडून नरडाणा, अमळनेर, धरणगाव करत घरी आलो. गच्चीवरच्या कुरडया निम्म्या खारींनी नेल्या होत्या. यांचं म्हणणं असं की खारी फार हुशार असतात.

दिल्ली

पावसाळा संपता संपता दिल्लीचं बोलावणं आलं. कसं झालं ते आधी सांगून टाकते: अब्दीला निर्वासित म्हणून मान्यता मिळाली. दोन वर्षं तो आमच्याकडेच राहिला, मग एका थंड देशाने त्याला घेतलं, जिथे केळी होत नाहीत. आई शेजारच्या देशातल्या छावणीत सापडली. भाऊ सापडला नाही.

पण त्या दिवशी यातलं काहीच माहीत नव्हतं. अब्दीला आत बोलावलं आणि मी बाहेरच्या बाकावर बसले. बाक भरलेला होता. त्यावरच्या सगळ्यांचे चेहरे रात्रभर झोप न झाल्यासारखे होते, आणि माझाही आगगाडीने तसाच केला होता. शेजारी डोक्यावरून शाल घेतलेली एक अफगाण बाई होती, माझ्याच वयाची. तिने मोडक्या हिंदीत विचारलं, "आप कहाँ से?"

"जळगाव."

तिने ते नाव कधी ऐकलं नव्हतं. पलीकडच्या बाईला सांगितलं. तिनेही ऐकलं नव्हतं. दोघींनी हळहळून जिभा चुकचुकवल्या.

"घर है?"

"है."

"आदमी?"

"है."

"बच्चे?"

"सब है."

तिने बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. मग अगदी हलक्या आवाजात, मला दुखवायचं नाही अशा बेताने विचारलं, "तो फिर... क्या हुआ जळगाव में?"

मी खरं सांगायला गेले. म्हणाले, मी नाही, माझा भाडेकरू, तो आत आहे. पण भाडेकरूला हिंदीत काय म्हणतात ते ऐन वेळी आठवेना. मी दाराकडे हात केला आणि तो तसाच धरून बसले. तिने माझा हात घट्ट धरला. शालीच्या गाठीतून नानचा तुकडा काढून दिला. पलीकडच्या बाईने सरकून मला नीट बसायला जागा केली. मी तो शिळा, जाडसर तुकडा खाल्ला. आपल्या ज्वारीच्या भाकरीच्या कडेसारखा लागतो.

बऱ्याच वेळाने दार उघडलं. माझ्याआधी तीच उठून उभी राहिली.